पावसाळ्यात कॉम्फ्री दरवर्षी कुजते: कारण कुठे शोधायचं आणि काय करायचं

मुंबईत कॉम्फ्री, म्हणजे पानांचं खत करण्यासाठी लावतात ती मोठ्या पानांची वनस्पती, लावणाऱ्यांची तक्रार जवळपास सारखीच असते. नोव्हेंबरात मुळाचा तुकडा लावला, जानेवारीपर्यंत हातभर लांब, खरखरीत पानं आली. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी माना टाकायला लागली, पण तगली. जूनच्या पहिल्या सरींनी एकदम तरारली. आणि जुलैच्या मध्यावर एका सकाळी बघावं तर सगळी पानं चहूबाजूंनी लोळलेली, मधला कोंब धरला तर अलगद हातात आला. वासाबद्दल न बोललेलं बरं. मग पुन्हा ऑनलाइन तुकडे मागवायचे, पुन्हा नोव्हेंबर, पुन्हा जुलै.

आधी निदान सांगून टाकतो, मग तपशील. मुंबईत कॉम्फ्री हे हिवाळी पीक आहे. नोव्हेंबर ते मार्च ती वाढते, तेव्हाच पानं कापायची. पावसाळ्यात तिचा फक्त जीव वाचवायचा. त्या चार महिन्यांत ती वाढावी म्हणून आपण जे जे करतो, खत, जास्तीची माती, ओलं आच्छादन, त्यातलं बहुतेक तिला कुजवायला मदत करतं.

आधी खात्री करा: कुजलीय की नुसती मलूल झालीय?

या दोन गोष्टींत गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं. कॉम्फ्रीची पानं मोठी, पातळ आणि पाण्याने भरलेली. एप्रिल-मेच्या दुपारी मूळ जेवढं पाणी ओढतं त्याहून जास्त पानांतून उडून जातं, आणि पानं लोंबतात. बघणाऱ्याचा जीव कळवळतो, तो तांब्याभर पाणी ओततो. संध्याकाळी पानं उभी राहिली की वाटतं, पाण्याने वाचली. खरं तर ऊन उतरल्यावर ती तशीही उभी राहणारच होती.

म्हणून कॉम्फ्रीला पाणी हवंय का, हे दुपारी ठरवायचं नाही. सकाळी सातला बघा. पानं ताठ असतील तर मातीत बोट घाला. दोन पेरं खाली ओल लागली तर पाणी नको. सकाळीही मलूल आहे आणि माती कोरडी आहे, तर पाणी द्या. सकाळी मलूल आहे आणि माती ओली आहे, तर मामला गंभीर. मुळं किंवा गड्डा, म्हणजे जिथून पानं फुटतात तो मातीलगतचा भाग, बिघडायला लागलाय.

गंभीर वाटलं तर थोडी माती बाजूला सारा आणि गड्डा उघडा करून बघा. निरोगी कॉम्फ्रीचं मूळ बाहेरून काळपट असतं, त्याला घाबरू नका. नखाने साल खरवडली की आत पांढरं शुभ्र, कडक आणि किंचित चिकट लागलं पाहिजे. आत तपकिरी, मऊ, दाबल्यावर पाणी सुटणारं असेल तर ती कूज. आता गड्ड्याभोवतीच्या मातीकडे नीट बघा. पांढऱ्या रेशमी धाग्यांचं पंख्यासारखं जाळं पसरलेलं दिसतंय का? त्यात मोहरीएवढे गोल दाणे, आधी पांढरे आणि नंतर तपकिरी? असतील तर ती स्क्लेरोशियम रॉल्फसाय नावाची बुरशी. भुईमूग, टोमॅटो, मिरची अशा शेकडो वनस्पतींवर ती येते, उष्ण-दमट हवा तिच्या खास आवडीची. ते दाणे म्हणजे तिचं बियाणंच समजा. मातीत काही वर्षं जिवंत राहतात. धागे-दाणे काही नाही, नुसता चिखल आणि आंबूस वास, तर मुळं गुदमरून मेली आहेत आणि कुजवणारे जीव नंतर आलेत.

दोन्हींत रोपाची अवस्था सारखीच दिसते, पण मातीचं काय करायचं ते वेगळं. ते पुढे येईल.

पण ही तर नदीकाठची वनस्पती आहे ना?

हा प्रश्न हमखास येतो, आणि रास्त आहे. साधी कॉम्फ्री, सिम्फायटम ऑफिसिनाले, युरोपात ओढ्या-नद्यांच्या काठी, ओलसर कुरणांत आपोआप उगवते. मग आपल्याकडच्या पावसाने तिचं काय बिघडतं?

बिघडतं ते उष्णतेमुळे. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, कोमट पाण्यात कमी. शिवाय माती कोमट असली की मुळांचा आणि मातीतल्या जिवाणूंचा श्वासोच्छ्वास वाढतो, म्हणजे प्राणवायू लागतो जास्त आणि मिळतो कमी. इंग्लंडातल्या ओढ्याकाठची माती भर उन्हाळ्यातही थंडगार. आपल्याकडे जुलैच्या रात्रीसुद्धा पारा पंचवीसच्या आसपास, आणि सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी 800 मिलिमीटरहून अधिक पाऊस. कुंडीतली माती आठवडेच्या आठवडे कोमट आणि तुडुंब. अशात जाड, मांसल मुळांचा निभाव लागणं कठीण. कोकणात आलं-हळद गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या मातीवर, का लावतात, ते आठवा. कंदकूज होऊ नये म्हणूनच. कॉम्फ्रीला तोच न्याय लावायचा.

बाजारात मिळते ती बहुतेकदा साधी कॉम्फ्री नसते, रशियन कॉम्फ्री म्हणून ओळखला जाणारा संकर असतो. हेन्री डबलडे नावाच्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या इंग्रज गृहस्थाने 1870 च्या दशकात सेंट पीटर्सबर्गहून ती मागवली. त्याला हवा होता पोस्टाच्या तिकिटांना लावायचा डिंक! तो काही जमला नाही, पण झाडाची वाढ बघून त्याने उरलेलं आयुष्य त्यातच घातलं. पुढे 1950 च्या दशकात सेंद्रिय बागकामाचे प्रचारक लॉरेन्स हिल्स यांनी इंग्लंडातल्या एसेक्समधल्या बॉकिंग गावी वेगवेगळे वाण जमवून त्यांना क्रमांक दिले. खतासाठी सगळ्यांत नावाजलेला तो 'बॉकिंग 14'. त्याला बी धरत नाही, मुळाच्या तुकड्यांवरच तो वाढवतात. तेव्हा कोणी 'बॉकिंग 14 चं बी' विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा. आणि कॉम्फ्री मागितल्यावर 'हाडजोड' म्हणून चौकोनी, कांड्याकांड्याचा हिरवा वेल हातात ठेवला तर तो कांडवेल. चांगली वनस्पती आहे, पण कॉम्फ्रीशी तिचं काही नातं नाही.

कुंडी कुठे ठेवलीय?

माझ्या मते निम्मी कॉम्फ्री मुंबईत जागेमुळे मरते, मातीमुळे नाही.

आपला पाऊस येतो नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून, वाऱ्याबरोबर तिरपा. पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या ग्रिलमधली कुंडी तो थेट झोडपतो. त्याच घराच्या पूर्वेच्या खिडकीतली कुंडी आठवडाभर संततधार असली तरी जेमतेम ओली होते. एकाच मजल्यावरच्या दोन घरांत एकीची कॉम्फ्री जगते आणि दुसरीची मरते, तेव्हा लोक हातगुण काढतात. बहुतेक वेळा फरक दिशेचा असतो.

दुसरी गोष्ट पागोळ्या. ग्रिलवर पत्रा असला की आपल्याला वाटतं झाड आडोशाला आहे. पाऊस चालू असताना पाच मिनिटं उभं राहून बघा, पत्र्याच्या कडेची धार नेमकी कुठे पडते. बऱ्याचदा ती कुंडीच्या बरोब्बर मध्यावर पडत असते. त्या धारेने माती उडते, गड्ड्याच्या बेचक्यांत गाळ बसतो, आणि तिथेच कूज सुरू होते. कुंडी वीतभर आत सरकवली तरी काम होतं. वरच्या मजल्याच्या एसीचं पाणी टपकत असेल तर तेही बघा. ते उन्हाळ्यात गुपचूप गड्डा ओला ठेवतं आणि पावसाळ्याआधीच रोप अर्धमेलं करून ठेवतं.

गच्चीवर असाल तर कुंडी जमिनीवर टेकवू नका, विटांवर उचला. एक तर खालची भोकं मोकळी राहतात, आणि दुसरं म्हणजे कॉम्फ्रीचं मूळ भोकातून बाहेर पडून गच्चीच्या फटीत शिरत नाही. वॉटरप्रूफिंगवरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकून घेण्याइतकं कॉम्फ्रीचं मोल नाही.

माती

मुंबईतल्या नर्सरीचं रोप म्हणजे काळ्या पिशवीत घट्ट लाल मातीचा गोळा. कॉम्फ्री अशा गोळ्यात मिळाली आणि गोळ्यासकट मोठ्या कुंडीत बसवली, तर भोवती कितीही भुसभुशीत मिश्रण घाला, उपयोग नाही. पाणी गोळ्यात शिरलं की तिथेच बसतं. पिशवी फाडल्यावर गोळा बादलीभर पाण्यात अर्धा तास ठेवा, माती आपोआप सुटू द्या, मुळं मोकळी करून मग लावा. कॉम्फ्रीची मुळं तुटली तरी बिघडत नाही. तुटलेला तुकडा फेकू नका, तो पण लावा.

दुसऱ्या टोकाला कोकोपीटवाले. नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत हिवाळ्यात झकास चालतं, पावसाळ्यात स्पंज होतं. दोन भाग मोकळी केलेली माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा, आणि मूठभर निंबोळी पेंड, एवढं पुरतं. भाताचं तूस मिळालं तर वाळूऐवजी थोडं तेही घाला.

आता एक लाडका समज मोडायचाय. 'तळाशी विटांचे तुकडे टाका, म्हणजे निचरा होतो.' पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, पण तसं होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. मातीच्या तळाशी एक तुडुंब थर राहतोच. विटा घातल्या की तो थर तेवढाच वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ. विटा हव्यात तर बारीक करून मातीत मिसळा, तळाशी रचू नका. त्यापेक्षा उंच भांडं घ्या. रंगाची वीस लिटरची बादली पसरट कुंडीपेक्षा कधीही बरी, कारण तुडुंब थर तळाशी राहतो आणि गड्डा त्यापासून लांब. तळाला तर भोकं पाडाच, शिवाय बाजूलाही, बुडापासून दोन बोटं वर, चार-पाच पाडा. निळा ड्रम अर्धा कापून मिळाला तर सोन्याहून पिवळं.

आणि पावसाळ्यात कुंडी तिरकी करा. एका बाजूखाली वीट सरकवायची, बस. तिरक्या भांड्यात तुडुंब राहणारी माती एका कोपऱ्यात गोळा होते, बाकीची मोकळी राहते. फुकटचा उपाय आहे.

मे अखेरची तयारी

मुंबईत मान्सूनची सर्वसाधारण तारीख 11 जून. वळवाच्या सरी त्याआधी येतात. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात ही कामं उरकून घ्यायची.

बाहेरची जुनी, मोठी पानं देठासकट काढून टाका. मधली तीन-चार कोवळी ठेवा. मोठी पानं मातीवर पडून गड्ड्याभोवती ओला तंबू उभा करतात. कूज तिथेच सुरू होते. गड्ड्याला वारा लागला पाहिजे. हातमोजे घाला, पानांची लव बारीक काट्यांसारखी टोचते आणि काहींना तासभर खाज सुटते.

गड्ड्यावर माती चढली असेल तर उकरून काढा. गड्डा आजूबाजूच्या मातीपेक्षा बोटभर उंच दिसायला हवा. उन्हाळ्यात घातलेलं वाळल्या पानांचं आच्छादन सगळं उचला. खत बंद: शेणाची स्लरी नाही, जीवामृत नाही, काही नाही. ऑक्टोबरपर्यंत झाड उपाशी राहिलं तर फारतर पिवळं पडेल. पावसात खत दिलं तर लुसलुशीत पानं येतील, आणि तीच आधी सडतील.

ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी, वापरायचं तर आत्ता, रोग आल्यावर नाही. एक किलो कुजलेल्या, ओलसर शेणखतात दहा ग्रॅम पावडर मिसळून सावलीत आठवडाभर ठेवा, त्यातलं मूठ-दोन मूठ गड्ड्यापासून लांब, कडेच्या मातीत मिसळा. खत बंद म्हटलं त्याला एवढाच अपवाद. त्याच्याबरोबर तांब्याचं बुरशीनाशक वापरू नका, ते ट्रायकोडर्मालाही मारतं. माझा अनुभव असा की ट्रायकोडर्मा जागा आणि निचरा सुधारल्यावरच कामाचं; तुडुंब कुंडीत ते पैसे पाण्यात.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: विमा उतरवा. कडेचं एक मूळ शोधा, करंगळीएवढं जाड. दोन-तीन इंचांचे तुकडे करा, एक दिवस सावलीत वाळू द्या म्हणजे कापलेली बाजू सुकेल. छोट्या कुंड्यांत वाळू-कोकोपीटमध्ये आडवे पुरा, वर दोन बोटं मिश्रण, आणि त्या कुंड्या घरात, पाऊस अजिबात लागणार नाही अशा उजेडाच्या खिडकीत ठेवा. माती फक्त दमट राहील एवढंच पाणी. तीन ते सहा आठवड्यांत फुटवे येतात. बाहेरचं झाड गेलं तरी हे तुकडे ऑक्टोबरात तयार असतात, आणि ऑनलाइन मागवायची वेळ येत नाही.

झाड गेलंच असेल तर

"अहो, पाणी तर रोज मोजून घालते, तरी गेलं," असं आमच्या इमारतीतल्या एक काकू म्हणाल्या, तेव्हा आम्ही त्यांची कुंडी उपडी केली. वरचा गड्डा पार चिखल झाला होता. पण खालची दोन-तीन मुळं, बुडाजवळ वळलेली, आतून खडखडीत पांढरी. कॉम्फ्रीच्या बाबतीत हे नेहमी करून बघण्यासारखं आहे. वरून मेलेलं दिसलं तरी कुंडी फेकायची नाही.

मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा. मऊ भाग कापत कापत आतला रंग पूर्ण पांढरा दिसेपर्यंत जा. सुरी प्रत्येक कापानंतर पुसा. स्वच्छ तुकड्यांना लाकडाची राख चोळा, सावलीत एक दिवस ठेवा आणि वर सांगितलं तसे नव्या मिश्रणात लावा. जुन्या मातीत लावू नका, ती कितीही चांगली वाटली तरी.

जुन्या मातीचं काय? नुसती गुदमरलेली असेल तर पसरून सुकवा, वाळू मिसळा, दुसऱ्या झाडाला वापरा. पण मोहरीसारखे दाणे दिसले असतील तर ती माती बागेत कुठेही टाकू नका, खतखड्ड्यातही नाही. पोत्यात भरून, तोंड बांधून कोरड्या कोपऱ्यात ठेवा. पाऊस गेला की ऑक्टोबर हीट आपल्या कामाची. माती ओली करून चार बोटं जाडीचा थर पसरा, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा विटांनी दाबा, आणि चार-सहा आठवडे कडक उन्हात राहू द्या. एप्रिल-मे त्याहून चांगला. काळं प्लॅस्टिक वर घालू नका. पारदर्शकाखाली माती जास्त तापते. गच्ची नसेल, ग्रिलचीच बाग असेल, तर एवढा खटाटोप करण्यापेक्षा ती माती टाकून द्या.

बाकीच्या तक्रारी किरकोळ. पावसाळ्यात गोगलगायी पानं कुरतडतात, रात्री टॉर्च घेऊन वेचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानांवर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, आली तर पानं कापून टाका, नवी स्वच्छ येतात. हिवाळ्यात खालची पानं पिवळी पडली तर भूक लागलीय, शेणखत द्या. हे झाड नत्राच्या बाबतीत खादाड आहे.

कापणी आणि ती बादली

पहिल्या हिवाळ्यात कापायची घाई नको. पानं पुरेशी झाली की मातीपासून दोन इंचांवर कापा, पुढची कापणी पाच-सहा आठवड्यांनी. पान एक दिवस सुकवून टोमॅटो-मिरचीच्या कुंडीत आच्छादन म्हणून टाकलं तर पटकन विरघळतं. फुलाचा दांडा मात्र त्यात घालू नका, त्याला मूळ फुटू शकतं.

पाण्यात कुजवून करतात ते द्रवखत हे खरं भांडणाचं मूळ. तिकडे इंग्लंडात थंडीत चार-पाच आठवडे लागतात, आपल्याकडे दोन आठवड्यांत काम होतं आणि वास तिसऱ्या दिवसापासून. शेजाऱ्यांशी वितुष्ट नको असेल तर कोरडी पद्धत करा. तळाला भोक पाडलेल्या डब्यात पानं ठासून भरा, वर वीट ठेवा, झाकण लावा, खाली बाटली. दोन-तीन आठवड्यांत काळपट अर्क ठिबकतो. एका भागाला पंधरा भाग पाणी घालून वापरा. वास येतोच, पण झाकणाआड राहतो.

पाण्याची बादलीच करायची असेल तर तोंडाला जाड कापड घट्ट बांधून वर झाकण. पावसाळ्यात महापालिकेची माणसं साचलेलं पाणी तपासत फिरतात, आणि डेंग्यूचा डास तुमचं पाणी सेंद्रिय आहे म्हणून सोडून देत नाही. खरं तर पावसाळ्यात ही बादली करूच नका, पानंही नसतात तेव्हा.

द्रवखत मुळाशी द्या, पालेभाज्यांच्या पानांवर शिंपडू नका. त्याचं कारण पुढच्या परिच्छेदात.

पोटात नाही

पान पालकासारखं मांसल दिसतं म्हणून भजी करायचा मोह होतो. करू नका. कॉम्फ्रीत पायरोलिझिडिन अल्कलॉइड्स असतात, ती यकृताच्या बारीक शिरा बंद करतात. नुकसान हळूहळू साचतं, म्हणून एकदा खाऊन काही झालं नाही याचा अर्थ काही नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2001 मध्ये पोटात घ्यायची कॉम्फ्रीची उत्पादनं बाजारातून काढायला सांगितली ती याच कारणाने. काढा नाही, चहा नाही, पराठ्यात नाही. मुरगळल्यावर बाहेरून लेप लावतात, तोही फक्त न फुटलेल्या त्वचेवर, थोडे दिवस. गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आणि लहान मुलं यांनी तोही टाळावा. होमिओपॅथीतल्या सिम्फायटमच्या गोळ्या ही निराळी गोष्ट, त्यावरून घरच्या पानाचा काढा चालेल असा निष्कर्ष काढू नका.

इतकं करूनही गेलीच तर

पश्चिमेचं ग्रिल आहे, दुसरी जागा नाही, आणि दर जुलैत तेच होतंय, तर माझं स्पष्ट मत आहे: सोडून द्या. कॉम्फ्रीची कीर्ती आहे ती खोल मुळांची. खालच्या थरांतलं पोटॅश वर आणते म्हणतात, आणि तिच्या पानात शेणखताच्या दोन-तीन पट पोटॅश असतं हेही खरं. पण चौथ्या मजल्यावरच्या बादलीत खालचा थर कुठला? तुम्ही कुंडीत जे घातलं तेच पानातून परत मिळतं. जमिनीत लावायला जागा असलेल्या बदलापूर-कर्जतकडच्या माणसाचा हिशेब वेगळा. त्याने जरूर लावावी, उंचवट्यावर.

आपल्याला हवं ते दोन ठिकाणी फुकट मिळतं. पोटॅशसाठी केळीची सालं, आणि कुठे केळीचं खोड कापलेलं दिसलं तर ते, बारीक चिरून. नत्रासाठी गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी. उपनगरांत रस्त्याकडेला, कुंपणांना, रेल्वेलाइनजवळ हे झाड सर्रास दिसतं, फेब्रुवारीत गुलाबी फुलांनी ओळखू येतं. सोसायटीच्या आवारात असेल तर माळ्याला सांगून ठेवा, छाटणी झाली की पाला टाकू नको म्हणून. कोवळा पाला फांद्यांवरून ओरबाडून काढा, केळीच्या सालांबरोबर त्याच भोकाच्या डब्यात ठासा, वर तीच वीट. पाला मुठीत चुरगळला की उग्र वास येतो, आणि उंदीर मारायला वापरतात ते झाड हेच, तेव्हा मांजर-कुत्रं घरात असेल तर डबा उंचावर ठेवा. काळा अर्क आला की तसाच पंधरापट पाण्यात. उरलेला चोथा मिरचीच्या कुंडीत, मातीखाली दाबून.